सायबाची गाडी सोनईला

अण्णांनी आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीच्या मागच्या चाकात हवा भरणं. मी हातपंप मारत होतो आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, उलट्या बादलीवर बसून मोजत होते. एक्क्याण्णव वर्षांचा माणूस, पण मोजण्यात चूक नाही. साठ झाले आणि मी थांबलो.

"अजून धा," ते म्हणाले.

"अण्णा, बास झालं की. उभीच तर ऱ्हायाचीय."

"तू बी उभाच हायेस. मार."

दहा मारले. मग चहा झाला. त्यांनी बशीत ओतून घेतला, मी कपाने. दुसऱ्या दिवशी पहाटे हाक मारायला गेलो तर ते झोपेतच गेले होते.

माझं वय सत्तर, शिक्षण चौथी. मी काही लिहिणारा माणूस नाही. पण गावात जो तो विचारतो, बापाची गाडी सोनईच्या मिस्त्रीला फुकट का देऊन आलास? प्रत्येकाला तोंडी सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतो. नातीने काने-मात्रे बघितले आहेत. मजकूर माझा आहे.

अण्णा साखर कारखान्यावर ड्रायव्हर होते. मोठ्या साहेबाला नवी गाडी आली तेव्हा जुनी लिलावात निघाली आणि ती अण्णांनी घेतली. काळी, फुगीर मडगार्डांची, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवल्याशिवाय सुरू व्हायची नाही. गावाने तिला नाव ठेवलं सायबाची गाडी. नोकरी सोडून अण्णा ती लग्नाला, दवाखान्याला भाड्याने न्यायचे. चाळीसच्या वर वर्षं ती आमच्या घरात होती, आणि तेवढ्या वर्षांत मला त्यांनी एकदाही स्टेअरिंगवर बसू दिलं नाही. मी ट्रॅक्टर चालवतो. उसाची भरलेली ट्रॉली घाटातून उतरवलेली आहे. पण ह्या गाडीत माझी जागा एकच, पुढे, अण्णांच्या डाव्या हाताला. हँडल मारायचं, पाणी आणायचं, काच पुसायची आणि रस्त्याने तोंड चालू ठेवायचं.

"डाव्या अंगाला काय हाय रं?"

"सायकल हाय."

"आता?"

"मोकळं हाय."

माझी बायको म्हणायची, "मला वाटलं नवरा केला, निघाला क्लिनर." तिला जाऊन सहा वर्षं झाली. तिचं ते बोलणं लागायचं, कारण ते खरं होतं.

अण्णांनी जायच्या महिनाभर आधी मला समोर बसवून सांगितलं होतं. "कागद तुझ्या नावावर करून घे. आन मी गेलो की गाडी सोनईच्या भागवत मिस्त्रीला न्हेऊन दे. इकायची न्हाई. टेम्पोत घालून न्यायची न्हाई, तिच्या चाकावर गेली पायजे. आन तिथनं लगीच उठून येऊ नको, जेवून ये."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. नाव माझं आणि गाडी मिस्त्रीला. चाळीस वर्षं मी तिला धुतलं, त्याने गॅरेजात दुरुस्त करण्यापलीकडे काय केलं? पण बापाचा शब्द होता. पोचवायची हे ठरलं होतं. तिथे गेल्यावर किल्ली हातातून सुटेल का, ते मात्र निघताना मला ठाऊक नव्हतं.

चैत्रातली सकाळ होती. आमचं गाव तिसगावपासून आत, पाथर्डी तालुक्यात. तिसगावात माझी धाकटी बहीण कौसल्या राहते. ती पिशवी घेऊन फाट्यावर उभी होती. भाकरी, ठेचा आणि पाण्याची कळशी एवढं तिचं सामान.

"दादा, तू चालवतोस?"

"मग कोन, तू?"

"अण्णा वरनं बगत असतील."

"बगू दे. आता काय करत्यात."

ती माझ्या जागेवर बसली आणि आम्ही मिरीच्या रस्त्याला लागलो. ह्या बाजूला त्या दिवसांत बघण्यासारखं काही नसतं. उपटून टाकलेल्या पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं), बाभळी, उघडे डोंगर आणि कोरड्या विहिरी. समोरून मात्र ट्रॅक्टरची रांग येत होती. आमच्या तालुक्यातली माणसं दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला जातात आणि पट्टा पडला की, म्हणजे हंगाम संपला की, अशी परततात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, बाजा, कोंबड्या, आणि सगळ्यात वर बसलेली बाया-पोरं.

गाडी जड होती, पण सरळ चालत होती. गिअर मला दोनदा चुकला. कौसाचं लक्ष नव्हतं. तिच्या मनात दुसरंच होतं.

"दादा, माझ्या थोरल्याच्या बारशाला अण्णा आले न्हाईत. आठवतंय का?"

"गाडी बिघडल्ती तवा."

"आई यष्टीनं आली. यष्टी काय अण्णांना वर्ज्य हुती? सासरी समदी इचारायची, दारात गाडी हाय आन बाप येत न्हाई, असं कसं? मी काय सांगू?"

हे ती मला गेली पस्तीस वर्षं सांगते आहे. मी रस्ता बघत राहिलो.

मिरी ओलांडली आणि गाडी खोकायला लागली. दोन झटके खाल्ले आणि कडेला थांबली. आजूबाजूला झाड नाही. मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या अंगाला छोटा पंप असतो, तो टाकीतलं पेट्रोल ओढतो. तो उन्हाने तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि ओढ तुटते.

तेवढ्यात तोडणीवाल्यांचा एक ट्रॅक्टर थांबला. मुकादम (टोळीचा म्होरक्या) खाली उतरला. पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल.

"काय झालं, बाबा? साखळी हाय माझ्याकडं. बांधू का मागं?"

"न्हाई."

"अवो, मी तिसगावापतुर नेतो."

"मला उलट्या अंगाला जायाचंय. आन ही वढून न्यायची न्हाई. तिच्या चाकावर न्यायची."

"वढली तरी चाकावरच जाईल की!"

ट्रॉलीतली माणसं हसली. कौसासुद्धा हसली. मी माझा पटका सोडला आणि त्याची एक बाजू कळशीत बुडवून पंपावर गुंडाळली. वरून एक बाई ओरडली, "आजोबा, गाडीला ताप आलाय का?"

"व्हय, आलाय."

"मग वाफारा द्या!"

"वाफारा झालाय म्हनूनच थांबलीय," मी म्हणालो.

पंप थंड व्हायला वेळ लागतो. मुकादम गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "ही अण्णांची न्हवं? माझ्या आईला पाथर्डीच्या दवाखान्यात हिच्यातनंच न्हेलं हुतं. आई कळवळत हुती आन अण्णा म्हनत हुते, आधी थोरल्याला रानातनं बोलवा, त्याच्याबिगर गाडी हलनार न्हाई. माझ्या बापानं लई शिव्या घातल्या."

"हँडल मारायला कोन तरी लागतंय," मी म्हणालो; थोरला म्हणजे मीच.

"माझा बाप म्हनत हुता, मी मारतो हँडल. तरी न्हाई ऐकलं."

त्याची आई वाचली का, ते विचारलं. वाचली, म्हणाला, पुढे बरीच वर्षं जगली. मग त्याने स्वतःच हँडल घातलं, दोन फेऱ्यांत इंजिन लागलं, आणि ती माणसं त्यांच्या वाटेने गेली. माझा पटका पंपावरच राहिला. उघड्या डोक्याने पुढचा प्रवास केला.

पांढरीच्या पुलावर हमरस्ता लागतो. तिथे भेळ खाल्ली. ओली भेळ मला आवडत नाही, कौसाला आवडते. म्हणून दोघांनी ओली खाल्ली. घोडेगावच्या पुढे मुलूख बदलतो. पाटाचं पाणी आहे, दोन्ही अंगांनी ऊस. आमच्या बाजूच्या माणसाला इथे आलं की जरा अवघडल्यासारखं होतं. सोयऱ्याच्या मोठ्या घरात होतं तसं.

शिंगणापुरात शिरलो आणि गाडी गर्दीत अडकली. पुण्या-मुंबईच्या गाड्या, बसेस, तेलाच्या बाटल्या घेऊन मागे लागणारे विक्रेते. कौसाने एकदम कपाळावर हात मारला.

"दादा, आज वार कोन?"

"शनवार."

"शनवारी लोखंड घेऊन निगालास? आन त्ये बी शिंगनापुरावरनं? डोकं फिरलं का तुजं?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे शनिवारी लोखंड आणि तेल घरात आणत नाहीत. आणि ही गाडी म्हणजे नुसतं लोखंडच.

"तू बी तर बसलीस गाडीत," मी म्हणालो.

"मला काय म्हाईत! मला वाटलं, तू बगितलं आसशील."

एक तेलवाला खिडकीशी आला. मी त्याला म्हणालो, "शनवारी तेल घेऊ नये म्हनत्यात आन तुमी शनवारीच इकता."

"काका, हे घरी न्यायाचं न्हाई, देवाला घालायचं," तो म्हणाला. बोलायला चलाख. कौसाने एक बाटली घेतलीच. दर्शन करून आलो. मी गाडीच्या दाराला कुलूप लावून गेलो होतो. त्यावरून रसवंतीवाल्याने मला टोमणा हाणला, "आमच्या गावात घराला दारं न्हाईत, आन तुमी ह्या म्हातारीला कुलूप लावता व्हय? कोन न्हेनार हिला?" त्याचा बैल घुंगरं वाजवत चरकाभोवती फिरत होता. रस चांगला होता, बर्फ जास्त.

तिथे एक शहरी माणूस गाडीचे फोटो काढत होता. "काका, विकायची का?"

"न्हाई."

"मग कुठं नेताय?"

"फुकट द्यायला."

तो हसला. त्याला चेष्टा वाटली.

सोनईत भागवत मिस्त्रीचं घर पेठेच्या मागे आहे. मी पूर्वी खूपदा आलो होतो, पण गॅरेजमध्ये. गॅरेज आता बंद आहे, पाटी तेवढी राहिली आहे. मिस्त्री पंच्याऐंशीच्या घरात, अंगाने चिपाड झालेला, उजवा हात थरथरतो. गाडीचा आवाज ऐकून तो दारात आला. गाडीला त्याने हात लावला नाही. लांबूनच बघत उभा राहिला.

मी किल्ली पुढे केली. "अण्णांनी सांगितलंय, तुमाला द्यायची."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "आज शनवार हाय, थोरले. उद्या. आज जेवा, ऱ्हावा."

मिस्त्रीच्या सुनेने शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि भाकरी वाढली. मिस्त्री आमच्याबरोबर ताटावर बसला, पण जेवला नाही. उन्हं उतरली तशी अंगणात बाज टाकली. कौसा उंबऱ्यावर बसली. मिस्त्री बाजेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "अण्णांचा डावा डोळा माझ्या हातानं गेलाय."

मला आधी कळलंच नाही. "कुठला डोळा?"

"डावा. गाडी नवी घेतली हुती तुमी. मागच्या चाकाचा नट गंजून बसल्ता. मी छन्नी लावून हातोडा घातला. अण्णा वाकून बगत हुते. बाजूला व्हा म्हनायला पायजे हुतं. म्हनलो न्हाई. छन्नीची कपची उडाली ती थेट डोळ्यात. नगरच्या डाक्टरनं सांगितलं, नजर येनार न्हाई. वरनं डोळा तसाच दिसायचा, म्हनून कुनाला कळलं न्हाई."

मला आठवलं. अण्णा आठ दिवस डोळ्याला पट्टी बांधून होते. "आमाला म्हनले, बाजरीचं कुसळ गेलं."

"मी म्हनलो, खरं सांगा सगळ्यास्नी. त्ये म्हनले, सांगितलं तर तुझं गॅरेज बसंल आन माझं लायसन जाईल. दोगांना बी पोट हाय. थोरल्याला शेजारी बसवतो, त्याची नजर लई चांगली हाय."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"म्या बी इचारलं. म्हनले, त्याला कळलं तर त्यो भ्याल. भ्यालेला मानूस नीट बगत न्हाई."

"आन स्टेअरिंग? स्टेअरिंग मला द्यायचं की सरळ!"

मिस्त्रीने मान हलवली. "एकदा बोललो तसं. आठ दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. डायवर मानूस, थोरले. स्टेअरिंग दिलं असतं तर त्यांचं काय ऱ्हायलं असतं?"

उंबऱ्यावरून कौसाचा आवाज आला. "दादा, माझ्या पोराच्या बारशाच्या टायमाला तू कुठं हुतास?"

"टायफाईडनं पडलो हुतो. तीन आठवडे."

"म्हंजे गाडी बिघडली न्हवती, तू शेजारी न्हवतास," ती म्हणाली. मग मिस्त्रीकडे वळून म्हणाली, "चाळीस वर्सं तोंड शिवून बसलात. तुमाला भाकर कशी ग्वाड लागली?"

"न्हाई लागली, ताई," मिस्त्री म्हणाला. "दर साली म्हनायचो, अण्णा, ही गाडी माझ्या दारात आनू नका, बगवत न्हाई. त्ये म्हनायचे, मी मेल्यावर तुझ्याच दारात उभी करीन, मग तुला थोरल्याला सांगावंच लागंल. शनवार हाय म्हनून येवडा येळ मिळाला. न्हाईतर दारातच किल्ली घेतली असती आन तुमाला वाटंला लावलं असतं."

मी उठून गाडीत जाऊन बसलो. स्टेअरिंगवर. डावा डोळा तळहाताने झाकला आणि समोर बघितलं. मडगार्डचं टोक दिसत होतं. डाव्या कडेचा दगडी कठडा दिसेना. आणि मी ज्या जागेवर एवढी वर्षं बसलो ती जागा तर अजिबात दिसेना. मान पूर्ण वळवावी लागली. अण्णा मान वळवत नसत. मी "मोकळं हाय" म्हटलं की ते गाडी घालायचे. आत लग्नाची नवरी असायची, अडलेली बाई असायची, माझी स्वतःची मुलं असायची. माझ्या एका शब्दावर घालायचे. आणि मी कितीदा तरी कंटाळून, न बघताच "मोकळं हाय" म्हटलेलं आहे.

रविवारी सकाळी कौसा म्हणाली, "दादा, परत न्हेऊ गाडी. ह्याला कशापायी?" मलाही तसंच वाटत होतं. मिस्त्री आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून अंगणात उभा होता.

मी त्याला म्हणालो, "मिस्त्री, ही अण्णांनी दिलीय. मी न्हाई. मला इचारलं असतं तर मी दिली नसती."

"म्हाईत हाय मला."

"आन तुमी काय करनार हिचं? हातात पाना ठरत न्हाई तुमच्या."

"काय करायचंय. दारात उभी ऱ्हाईल. ऱ्हाईल तवर बगायची."

अण्णांना हेच पाहिजे होतं की काय, ते मला सांगता यायचं नाही. ती शिक्षा होती की सुटका, ते त्या दोघांचं. मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. ती खाली पडू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी धरली. कागदावर सही केली आणि आम्ही स्टँडवर आलो.

एसटीने परतताना कौसा घोडेगावपर्यंत खिडकीबाहेरचा ऊस बघत होती. मग म्हणाली, "आईनं सांगायला पायजे हुतं." मी म्हणालो, आईला तरी कुठे ठाऊक होतं? प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मला एवढंच कळलं, की मी चाळीस वर्षं एक काम केलं आणि ते काय काम आहे ते मला माहीत नव्हतं. अण्णांनी सांगायला हवं होतं. कितीही बरोबर असले तरी त्यांचं हे चुकलंच. मला नाही तर निदान माझ्या बायकोला सांगायला हवं होतं. ती बिचारी मला क्लिनर समजूनच गेली. हे तिला आता कोण सांगणार?

तिसगावला कौसा उतरली. मी संध्याकाळी घरी पोचलो, जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. मधोमध जमीन काळी पडली होती, इंजिनाचं ऑइल वर्षानुवर्षं ठिबकून. शेड आता रिकामीच, तिथे आमची म्हैस बांधायची म्हणजे ती माती काढायला हवी, नाही तर ती हुंगत बसणार. टिकाव घेतला आणि खणायला लागलो. नऊ पाट्या निघाल्या, त्या वाटेवरच्या खड्ड्यात टाकल्या. गुडघाभर खोल गेलो तरी माती काळीच, आणि वास येतच होता. मग थांबलो. वर मुरूम टाकला, पाणी मारलं, धुम्मसाने ठोकून बसवला आणि दुपारच्या आत म्हैस बांधली.